बाकीदाराचा देव

दख्खनच्या भक्तिकथांत देव सरकारी खजिन्यात पैसे भरायला गेल्याच्या दोन मोठ्या गोष्टी आहेत. एक बेदरची, दुसरी गोवळकोंड्याची. बेदरला तो मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची बाकी घेऊन विठू महाराच्या वेशात गेला. गोवळकोंड्याला रामोजी आणि लक्ष्मोजी अशी नावे सांगणारे दोन तरुण शिपाई रात्री तानाशहाच्या महालात शिरले आणि पाल्वंचा परगण्याचे तहसीलदार कंचर्ल गोपन्ना यांच्या नावावरची रक्कम मोजून निघून गेले. दोन्ही कथांतले भक्त सरकारी नोकर आहेत. दोघांच्या ताब्यात धन्याची ठेव होती आणि दोघांनीही ती धन्याला न विचारता खर्च केली. कामाला लावलेला माणूस कामात चुकला, पकडला गेला, आणि त्या चुकीच्या पोटातून पुढे काहीतरी घडले, असा या कथांचा सांगाडा आहे. माणसाच्या दुबळेपणातून आणि फसलेल्या गतकाळातून ईश्वर काम करून घेतो, हा विचार जगातल्या बहुतेक धर्मांत सापडतो. परंतु बाकी, वसुली, मोहोर आणि पावती अशा रोकड भाषेत तो क्वचितच कुठे मांडला गेला असेल. म्हणून या विषयात शिरण्यासाठी हैदराबादजवळच्या गोवळकोंडे किल्ल्यातली एक अंधारी कोठडी ही चांगली जागा आहे.

गोपन्नांचा जन्म १६२०च्या सुमाराचा, आजच्या खम्मम जिल्ह्यातल्या नेलकोंडपल्लीचा. वडील लिंगन्ना, आई कामांबा. घराणे नियोगी ब्राह्मणांचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दौत-लेखणी आणि दप्तरावर जगणारे. कुतुबशाही दरबारात पुढे सर्वेसर्वा झालेले आकण्णा आणि मादण्णा हे बंधू गोपन्नांचे मामा होते असे परंपरा सांगते. छत्रपती शिवाजी महाराज १६७७ मध्ये भागानगरला आले तेव्हाच्या हकिकतींतून ही दोन नावे मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. अबुल हसन कुतुबशहा, ज्याला लोक तानाशहा म्हणतात, तो १६७२ मध्ये गादीवर बसला. मामांच्या वजनाने भाच्याला पाल्वंच्याची तहसीलदारी मिळाली आणि गोदाकाठचे भद्राचलम् याच परगण्यात होते. तिथे पोकल दम्मक्का नावाच्या एका वनवासी बाईला वारुळात राम, सीता आणि लक्ष्मण यांच्या मूर्ती सापडल्या होत्या, आणि तिने झावळ्यांचा आडोसा करून त्यांची पूजा चालवली होती, अशी कथा आहे. वसुलीच्या फेरीवर आलेल्या तहसीलदाराने तो आडोसा पाहिला. आज भद्राचलम्‌ला उभे असलेले देऊळ त्या दर्शनातून निघाले. हेच गोपन्ना पुढे भद्राचल रामदास किंवा तेलुगूत भक्त रामदासू म्हणून प्रसिद्ध झाले. सज्जनगडाचे समर्थ रामदास त्यांचे समकालीन, पण ही दोन माणसे अगदी वेगळी. मराठी घरांत नावाच्या सारखेपणामुळे कधी कधी घोटाळा होतो, म्हणून एवढे सांगितले.

देऊळ बांधायला पैसा कुठून आला, हा या चरित्राचा खरा सांधा आहे. आधी वर्गणी झाली आणि गावोगावच्या लोकांनी ऐपतीप्रमाणे दिले. काम मोठे होत गेले, पैसा पुरेना. तेव्हा रयतेने तहसीलदाराला सांगितले की वसूल जमा आहे तो सध्या वापरा, पीक हाती आले की आम्ही भरून देऊ. परंपरेतल्या एका पाठात हा तपशील आहे आणि तो फार बोलका आहे. न आलेल्या सुगीच्या भरवशावर आजचा सरकारी पैसा खर्च करणे, ही चूक आजच्या कुठल्याही कारकुनाला, सोसायटीच्या चिटणिसाला, देवस्थानच्या विश्वस्ताला ओळखीची वाटेल. तिच्यात चोरीचा हेतू नसतो. आपण उद्या भरू, लोक आपल्या शब्दाला जागतील, काम तर देवाचेच आहे, अशा तीन भल्या विचारांवर ती उभी असते. गोपन्नांनी देवळाबरोबर तट बांधला, देवांना दागिने घडवले. रक्कम फुगत गेली. परंपरा ती सहा लाख सांगते.

दरबारात कागद गेला. गोपन्नांना गोवळकोंड्याला आणून कोंडले आणि परंपरेच्या हिशेबाने ते बारा वर्षे कोठडीत होते. तानाशहाची कारकीर्द १६७२ ते १६८७, म्हणजे जेमतेम पंधरा वर्षांची. हे बारा वर्षांचे गणित खरे धरले तर ती बारा वर्षे या कारकिर्दीत कशीही बसवली तरी १६७७ हे साल त्यांत येतेच. भागानगरच्या रस्त्यांवर शिवाजी महाराजांचे स्वागत होत होते तेव्हा महाराजांशी बोलणी करणाऱ्या मादण्णांचा भाचा तिथून थोड्या अंतरावर गजांआड होता, असा त्याचा अर्थ होतो.

इथे इतिहास आणि आख्यायिका वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. देऊळ, कैद आणि पदे या तीन गोष्टी भक्कम आहेत. बाकीचा तपशील पिढ्यांनी भर घातलेला आहे. दरबारात मामा इतके मोठे असताना भाचा इतकी वर्षे का सुटला नाही, याचे सरळ उत्तर परंपरा देत नाही. मादण्णांचा कारभार वसुलीच्या बाबतीत कडक होता आणि दरबारात त्यांचे शत्रूही पुष्कळ होते. स्वतःच्या माणसाला सूट दिली असती तर त्या शत्रूंच्या हाती कोलीतच मिळाले असते. हा तर्क आहे, पण पटण्यासारखा. गोपन्नांना रामनाम कबीरदासांनी दिले असेही सांगतात. काशीचे कबीर पंधराव्या शतकातले, त्यामुळे ते जुळत नाही. एखादा रामभक्त फकीर त्यांना भेटला असावा आणि लोकांनी त्याला सर्वांत मोठे नाव देऊन टाकले असावे. गोवळकोंड्याच्या मुलखात मुसलमान फकिराकडून ब्राह्मण तहसीलदाराला रामनाम मिळणे लोकांना सहज शक्य वाटले, एवढी गोष्ट या आख्यायिकेतून नक्की कळते.

मंगळवेढ्याची कथा याहून दोन शतके जुनी. दामाजीपंत बहमनी राज्यात मंगळवेढ्याचे कमाविसदार होते. दुष्काळ पडला, माणसे झाडपाला खाऊ लागली, आणि सरकारी कोठारात धान्य भरलेले होते. दामाजींनी कोठार उघडले. लोककथेत हा दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात. पण दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ ते १४०७ या काळातला, आणि बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बेदरला आली ती १४२० ते १४३० या दशकात. बादशहा बेदरचा असेल तर दुष्काळ नंतरचा असणार. जुन्या गॅझेटियरांत १४६०च्या दुष्काळाला दामाजीपंताचेच नाव दिलेले आहे आणि ते कालगणनेला धरून आहे. दामाजींच्या हाताखालच्या मुजुमदाराने बेदरला चुगली केली. शिपाई पकडायला आले. पंतांना घेऊन ते वाटेवर असतानाच इकडे बेदरच्या दरबारात कांबळे पांघरलेला, हातात काठी घेतलेला विठू महार हजर झाला, त्याने लहानशा पिशवीतून मोहरा ओतल्या, त्या मोजून मोजून खजिनदार दमला, आणि शेवटी बादशहाच्या शिक्क्याची पावती घेऊन विठू निघून गेला. ती पावती पंतांना पोथीच्या पानांत सापडली. शाहीर, कीर्तनकार आणि नाटककार यांनी ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली आहे. महिपतींनी ती १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ओवीबद्ध केली.

दामाजींची चूक आणि गोपन्नांची चूक एका तराजूत घालता येणार नाही. उपाशी माणसाच्या तोंडात घास घालणे आणि देवळाला तट बांधणे यांत फरक आहे, आणि तो स्पष्ट म्हटला पाहिजे. दामाजींच्या जागी दुसरा कुणी दयाळू अधिकारी असता तरी त्याने तेच केले असते. गोपन्नांनी मात्र थांबायला हवे होते. पहिल्या वर्गणीत बसले असते तेवढे लहान देऊळ त्यांना बांधता आले असते. दम्मक्काचा देव झावळ्यांच्या आडोशातही देवच होता. म्हणून या विषयाच्या दृष्टीने गोपन्नांचे चरित्र अधिक महत्त्वाचे ठरते. दामाजींच्या कथेत सद्गुणाला शिक्षा होता होता राहते. गोपन्नांच्या कथेत भक्तीच्या उत्साहात माणूस आपल्या कामाशी बेइमान होतो, आणि बारा वर्षे त्याची फळे भोगतो.

आता दोन्ही कथांतला देव काय करतो ते बारकाईने पाहावे. तो तुरुंगाची भिंत पाडत नाही. बादशहाला झोपेत मारत नाही, दप्तर जाळत नाही, तक्रार करणाऱ्याची जीभ झडवत नाही. पुराणांतल्या देवांना हे सगळे येते. दख्खनच्या या दोन कथांतला देव मात्र पूर्ण रक्कम रोख भरतो आणि पावती मागतो. पावती मागणे ही बाब कथाकारांनी कौतुकाने रंगवली आहे, आणि तीच सर्वांत अर्थपूर्ण आहे. बाकी होती, हे तिच्यामुळे कायमचे लिहिले जाते. भक्त निर्दोष होता असा निकाल कुणीच देत नाही. त्याच्या नावावर देणे होते, ते कुणीतरी फेडले, एवढेच कागद म्हणतो. चूक झाकली जात नाही आणि तिचा हिशेबही बुडत नाही. ज्याला तो फेडणे शक्य नव्हते त्याच्या जागी दुसरा उभा राहतो.

याहून विलक्षण गोष्ट दर्शनाची. बेदरला विठोबा बादशहाला दिसला, दामाजींना नाही. गोवळकोंड्याला राम-लक्ष्मण तानाशहाला दिसले, गोपन्नांना नाही. जन्मभर ज्यांनी वाट पाहिली त्यांच्या वाट्याला फक्त कागद आला. एकाच्या पोथीत, दुसऱ्याच्या उशाखाली. ज्याने मागितले नव्हते, ज्याला आपण कुणाशी बोलतो आहोत हे कळलेही नाही, त्याला देव समोर बसून मोहरा मोजून देत होता. तेलुगू परंपरेला ही गोष्ट बोचली, म्हणून तिने मागच्या जन्माची कथा जोडली: गोपन्नांनी पूर्वजन्मी एक पोपट बारा दिवस पिंजऱ्यात ठेवला होता, म्हणून बारा वर्षांची कैद, आणि तानाशहा पूर्वजन्मी देवाला अभिषेक करणारा भक्त होता, त्याचे पुण्य या भेटीत फळाला आले. ही जोड हिशेब पुरा करते, पण मूळ कथेची धार बोथट करते. मूळ कथेत कृपा लायकी पाहून येत नाही. ती चुकलेल्या भक्ताच्या निमित्ताने भलत्याच माणसाच्या दारात येते आणि त्या माणसालाही बदलून जाते. तानाशहाने रामनवमीच्या कल्याणोत्सवासाठी भद्राचलम्‌ला मोती पाठवण्याची प्रथा सुरू केली असे मानतात. पुढे निजामांनी आणि त्यानंतरच्या सरकारांनी ती चालू ठेवली. आजही मुख्यमंत्र्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने पट्टवस्त्रे आणि मोत्यांच्या अक्षता डोक्यावर घेऊन त्या लग्नाला जाण्याची रीत आहे.

हिशेबाबद्दलचा हा आदर मराठी संतचरित्रांत सगळीकडे दिसतो. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर दिव्यापाशी बसले आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले, ही कथा प्रत्येक कीर्तनकाराला पाठ आहे. स्वामींनी त्या क्षणी त्यांना सांगितले ते असे, की याच एकाग्रतेने देवाकडे लाग. महिपती स्वतः ताहाराबादचे कुलकर्णी होते. पूजेत असताना सरकारी बोलावणे आले, कामासाठी उठावे लागले, आणि परत आल्यावर त्यांनी कानावरची लेखणी देवापुढे ठेवून पुन्हा सरकारी कागद न लिहिण्याचे ठरवले, असे सांगतात. या माणसांना हिशेब म्हणजे काय ते ठाऊक होते. त्यामुळे कृपा आली की जमाखर्चाची वही फाडून टाकता येते, असे त्यांच्यापैकी कुणी कधी सुचवले नाही.

कोठडीतल्या वर्षांनी काय दिले, याचे उत्तर पदांत आहे. गोवळकोंड्याच्या चढणीवर कुतुबशाहीतल्या अंबारखान्याच्या जवळपास ती कोठडी आहे. आत उजेड फारसा नाही. वरच्या लहान झरोक्यातून पडेल तेवढाच. भिंतीवर राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमान यांच्या आकृती कोरलेल्या आहेत आणि त्या गोपन्नांनी स्वतः कोरल्या असे मानले जाते. याच कैदेत त्यांनी रचलेली तेलुगू कीर्तने आज आंध्र आणि तेलंगणात घरोघर गायली जातात. भजनी मंडळे ती म्हणतात, कर्नाटक संगीताच्या मैफलीतही ती असतात. तंजावरजवळ तिरुवय्यारूला राहणारे त्यागराज (१७६७ ते १८४७) यांच्या रचनांत रामदासांच्या कैदेचा उल्लेख येतो. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत ही कहाणी गोवळकोंड्याहून कावेरीपर्यंत पोहोचली होती. त्या वेळी तंजावरला भोसल्यांचे राज्य होते आणि मराठी कीर्तन तिथे चांगलेच रुजले होते.

या पदांत सर्वांत धीट आहे ते दागिन्यांचे. त्यात कैदी रामापुढे चक्क खर्चाची यादी वाचतो. भरताला पाचूचे पदक केले, शत्रुघ्नाला सोन्याचा करदोटा, लक्ष्मणाला मोत्यांचे पदक, सीतेला चिंचेच्या पानाच्या घाटाचे पदक, तुला तुरा. तट बांधला तो वेगळाच. कशाला किती मोहरा लागल्या तेही तो सांगतो. मग विचारतो, की हे सगळे घालून मिरवतोस, ते तुझ्या बापाने पाठवले की सासऱ्याने? देवाला असे बोलण्याची हिंमत मराठीत जनाबाईंनी आणि नामदेवांनी दाखवली आहे, म्हणून मराठी कानांना ते परके वाटत नाही. पण पदाचा शेवट महत्त्वाचा. मार सोसवेना म्हणून तोंडाला येईल ते बोललो, मनावर घेऊ नकोस, अशी विनवणी करून तो थांबतो. अपहाराच्या खटल्यात सरकारने जी यादी पुरावा म्हणून पुढे केली असती, तीच आरोपीने भजन करून गायली आहे. यात गुन्ह्याची कबुली आहे, राग आहे, अंगावरचे वळ आहेत आणि शेवटी शरणागतीही आहे. तहसीलदार असताना गोपन्नांनी देऊळ बांधले खरे, पण हे पद त्यांना त्या वेळी सुचले नसते; दुसऱ्याच्या पैशावर उदार झालेल्या माणसाजवळ एवढा उघडा आवाज नसतो. दुसऱ्या एका पदात ते सीतामाईला गळ घालतात, की रामाचा मूड बरा असेल तेव्हा माझा विषय काढ. वशिल्याने नोकरीला लागलेला माणूस देवाकडेही आधी वशिल्याचीच वाट धरतो. स्वभाव बदललेला नाही, तो तसाच कामाला आला आहे. दुबळेपणातून देव काम करून घेतो म्हणतात ते अशा ठिकाणी डोळ्यांनी दिसते.

मराठीत या विचाराचा तात्त्विक पाया ‘ज्ञानेश्वरी’त आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे असे भगवंत म्हणतात. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या टीकेत ज्ञानदेव त्यावर महापुरात बुडालेल्या पण जिवंत काठाला लागलेल्या माणसाचा दृष्टान्त देतात. त्याचे बुडणे खरे होते, पण ते आता त्याच्या आयुष्याचा निकाल ठरवत नाही. साडेतीन शतकांनी देहूच्या तुकोबांनी हेच स्वतःच्या संसारावर घासून पाहिले. १६३०च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, सावकारी आणि दुकान बसले, गावात पत राहिली नाही. पुढे वाट्याला आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. आपल्या एका आत्मपर अभंगात ते दिवाळे, दुष्काळ आणि घरातली हानी यांची मोजदाद करून त्या प्रत्येकाला बरे झाले म्हणतात. हा अभंग पुष्कळदा सोशिकपणाचा धडा म्हणून शिकवला जातो, आणि त्यात त्याचे निम्मे बळ निघून जाते. तुकोबा दुष्काळ चांगला म्हणत नाहीत. दुकान चालले असते तर आपण कोण झालो असतो, हे त्यांना दिसले आहे, आणि ते त्यांना नको आहे.

नामदेवांबद्दल मात्र सावध राहिलेले बरे. ते आधी दरोडेखोर होते अशी एक समजूत आहे आणि तिला आधार म्हणून त्यांच्या नावावरच्या एका अभंगाकडे बोट दाखवले जाते; अनेक अभ्यासकांना तो आधार कच्चा वाटतो. वाल्या कोळ्याच्या कथेचा साचा इतका लाडका आहे की लोक तो कुठल्याही संताला बसवतात. मोठे पाप असल्याशिवाय मोठी कृपा शोभत नाही, असा ग्रह त्यामागे असतो. पण बहुतेक माणसांचे अपयश दरोड्याएवढे नसते. ते चुकीच्या अंदाजाचे, भिडेखातर केलेल्या सहीचे, वेळेवर न बोलल्याचे असते. त्यांच्यासाठी वाल्यापेक्षा गोपन्ना जवळचे.

ख्रिस्ती परंपरेत हा विषय केंद्रस्थानीच आहे. येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्रालाच पुढे मेंढरे राखायला सांगितले जाते. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, बाराव्या अध्यायात, पौल आपल्या देहातल्या एका काट्याबद्दल सांगतो. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीन वेळा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. कृपा तुला पुरेशी आहे आणि सामर्थ्य दुबळेपणातच पुरे होते, एवढे उत्तर मिळाले. पौलाने पूर्वी ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ केला होता आणि ते तो कधी लपवत नाही. काटा कसला होता, हे त्याने लिहिले नाही, आणि त्यामुळेच दोन हजार वर्षे प्रत्येक वाचक तिथे आपला काटा ठेवत आला आहे. दख्खनच्या कथांशी ताडून पाहता एक भेद जाणवतो. दामाजी आणि गोपन्ना यांची अडचण शेवटी संपते. पौलाची राहते, आणि तिच्यासकट तो कामाला लागतो.

या विचाराचा दुरुपयोगही फार झाला आहे आणि त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. देवस्थानच्या पैशाला हात लावणारा, शिष्यांना फसवणारा, घरच्यांना छळणारा माणूस उघडा पडला की लगेच चुकलेल्या संतांची नावे पुढे केली जातात. ती नावे त्याला शोभत नाहीत. दामाजी पकडायला आलेल्या शिपायांबरोबर निमूट निघाले. गोपन्नांनी केलेला खर्च नाकारला नाही, उलट बाब न् बाब गायला. सुटल्यावर दोघेही पुन्हा त्या खुर्चीत बसले नाहीत. दामाजींनी चाकरी सोडून पंढरीची वाट धरली, गोपन्ना भद्राचलम्‌ला परतले. ज्याला क्षमा हवी आहे पण खुर्चीही सोडवत नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे. आणि ज्याचे नुकसान झाले त्याला आधी भरपाई मिळाली पाहिजे, हे या कथांतल्या देवाने स्वतः पाळले आहे.

शेवटी राहतो तानाशहा. त्याला फक्त सुलतान म्हणून पाहिले तर या कथेतला तिसरा दुबळा माणूस नजरेतून सुटतो. राजघराण्याच्या नात्यातला, पण तरुणपणी वाया गेलेला म्हणून हिणवलेला हा माणूस हैदराबादेत शाह राजू या सूफींच्या खानकाहात वर्षानुवर्षे पडून होता. तिथून त्याला उचलून अब्दुल्ला कुतुबशहाची मुलगी दिली गेली आणि सासऱ्यानंतर तो गादीवर आला. राज्य मादण्णांनी चालवले. १६८६ मध्ये आकण्णा आणि मादण्णा यांची हत्या झाली आणि ती त्याला थोपवता आली नाही. पुढच्या वर्षी औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला. आठ महिने किल्ला लढला आणि सप्टेंबर १६८७ मध्ये फितुरीने एक दरवाजा उघडला गेला. मोगल सरदार महालात आले तेव्हा तानाशहाने त्यांना शांतपणे सामोरे जाऊन नेहमीच्या वेळी आपले जेवण मागवले आणि ते जेवला, असे खाफीखान लिहितो. अशा वेळी घास कसा उतरतो, असे विचारल्यावर त्याने जे दिले तेही ईश्वराने आणि नेले तेही ईश्वराने, अशा अर्थाचे उत्तर दिले.

त्याची बाकी भरायला कुणी आले नाही. गोपन्नांच्या कैदेचा धनी स्वतः कैदी होऊन मराठी मुलखात, दौलताबादच्या किल्ल्यात, मरेपर्यंत बारा-तेरा वर्षे राहिला. त्या वर्षांत त्याने पदे रचली नाहीत. भक्तिकथांनी त्याला राम-लक्ष्मणांचे दर्शन दिले, सुटका दिली नाही. आणि या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने ही बाजू गाळू नये. देव दुबळ्याच्या हातून काम करून घेतो, याचा अर्थ तो प्रत्येक दुबळ्याला सोडवतो असा होत नाही. तानाशहाच्या हातून झालेले काम भद्राचलम्‌च्या मोत्यांत चालू आहे. गोवळकोंड्याच्या पायथ्याशी कुतुबशाही सुलतानांचे मकबरे आहेत, त्यांत त्याची कबर नाही. ती खुलताबादला, सय्यद राजू कत्ताल यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे.